वाट पाहणारी व वाट चालणारा

चार्लस फ्रेझियर या अमेरिकन लेखकाची ‘कोल्ड मौंटन’ ही कादंबरी १९९७ सालीं निघाली व त्याच वर्षीं तिला तेथील नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळालें. २००३ सालचा चित्रपट पाहून ज्यांनीं ही एक हळवी प्रेमकथा असा ग्रह करून घेतला असेल, त्यांनीं मूळ ग्रंथ अवश्य वाचावा.

काळ १८६४ चा, अमेरिकेंतील यादवी युद्धाचा. पीटर्झबर्गनजीक मानेस जबर जखम झालेला इन्मन हा दक्षिणेचा शिपाई. तो जगणार नाहीं असें सर्वांनीं धरलेलें. पण तो जगतो, आणि रुग्णालयाच्या खिडकींतून उतरून शेंकडों मैलांवरील आपल्या डोंगराकडे, एडाकडे, पायीं निघतो. मागावर होमगार्डच्या टोळ्या आहेत. वाटेवरील प्रसंग थोडे कमी असते तरी चालतें.

प्रकरणें आळीपाळीनें दोघांचीं आहेत, आणि आम्हांस एडाचींच अधिक मोलाचीं वाटलीं. आपल्या काव्यांतील विरहिणी दिवस मोजीत झुरते. मेघदूतांतील यक्षपत्नी उंबऱ्यावर फुलें मांडून उरलेले महिने मोजते. चार्लस्टनमध्यें वाढलेल्या या पाद्र्याच्या मुलीला वडील वारल्यावर झुरण्यास सवड नाहीं. तिला स्वयंपाकही येत नाहीं. रूबी नांवाची अशिक्षित पण कर्तबगार मुलगी तिला शेती शिकविते. पगार नको, एका मेजावर बरोबरीनें जेवण हवें, ही तिची अट. पियानो जातो व त्याच्या बदल्यांत डुकरीण आणि मका घरीं येतो, या प्रसंगापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों.

म्हणूनच अखेर भेट होते तेव्हां दोघेंही एकमेकांस ओळखीत नाहींत. तो हाडांचा सांपळा. ती पुरुषी विजार घालून, बंदूक घेऊन रानांत शिकारीस आलेली. चालून आला तो एकटाच नव्हे, हें लेखक न बोलतां दाखवितो.

उणीव एकच, पण मोठी. ज्या गुलामगिरीवरून हें युद्ध पेटलें, ती येथें कथेच्या कडेलाच राहते. गुलाम भेटतात, इन्मनला आसराही देतात, पण त्यांच्या घरच्या वाटेबद्दल लेखकास कुतूहल नाहीं.

शेवट अनेकांस निर्दय वाटतो. प्रथम आम्हांसही वाटला. होमगार्डमधील एका कोंवळ्या पोरावर गोळी झाडण्यास इन्मन कचरतो, आणि पोर कचरत नाहीं. परंतु इतकीं माणसें मारून आलेला हा शिपाई त्या क्षणीं हात आंवरतो, हेंच त्याचें घरीं पोहोंचणें होय असें आम्हांस दुसऱ्या वाचनांत दिसूं लागलें.