तक्त्यात सापडलं म्हणजे ओळखलं?

‘एक पांढरा स्फटिकरूप पदार्थ १३३ अंश सेल्सिअसला वितळतो. तक्त्यावरून पदार्थ ओळखा.’ अशा धर्तीचे प्रश्न आपण मुलांना नेहमी घालतो. तक्त्यात १३३ समोर युरिया असतो, विद्यार्थी ‘युरिया’ लिहितो, पूर्ण गुण मिळवतो. पण पदार्थ खरंच ओळखला गेला का?

सिनॅमिक आम्लही पांढरं, स्फटिकरूप असतं आणि तेही १३३ अंशांच्या आसपासच वितळतं. तक्ता लहान, म्हणून ते त्यात नसतं. म्हणजे उत्तर पदार्थानं नव्हे, तक्ता करणाऱ्यानं ठरवलेलं असतं. शुद्ध पदार्थाचा गुणधर्म जुळला नाही तर ‘हा तो नव्हे’ असं म्हणता येतं. जुळला तर ‘हा तो असू शकेल’ एवढंच. हा फरकच अशा प्रश्नांतून निसटतो.

पुढची पायरी काही अवघड नाही. चिमूटभर पदार्थ परीक्षानळीत थंड पाण्यात टाकून हलवा. युरिया सहज विरघळतो, सिनॅमिक आम्ल जवळजवळ तसंच राहतं. रसायनशास्त्रज्ञांची आणखी एक जुनी युक्ती आहे. अज्ञात पदार्थात खात्रीचा युरिया मिसळून मिश्रण तापवायचं. द्रवणांक ढळला नाही तर पदार्थ युरियाच. खाली घसरला तर दुसराच कुठला तरी. युरिया आणि सिनॅमिक आम्ल यांचं मिश्रण १३३ च्या बरंच खाली वितळू लागतं.

तक्त्यावरच्या श्रद्धेचा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून शुद्ध पाणीही ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. तापमापी ९८ दाखवत असताना वहीत १०० लिहिलं गेलं, तर मूल विज्ञान नव्हे, आज्ञापालन शिकलं.

हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनची घनता लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम, तर संयुगांपासून बनवलेल्याची १.२५१ ग्रॅम, असं लॉर्ड रॅले यांना आढळलं. फरक जेमतेम अर्धा टक्का! त्यांनी तो पुसून टाकला नाही. त्याचाच माग काढत १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांना आरगॉन सापडला.

म्हणून प्रश्नाला एक ओळ जोडावी : ‘कोणते पदार्थ वगळलेत आणि कशावरून?’ गुण त्या उत्तराला द्यावेत.