वकिलातींतील चित्रें आणि त्यांचा मायना

परदरबारीं राहणाऱ्या वकिलांनीं जमविलेल्या चित्रांस इतिहासाचें साधन म्हणून किती मोल द्यावें, या प्रश्नाच्या विचारास आमस्टर्डम येथील राइक्स संग्रहालयांतील कालकून-संग्रहासारखें उदाहरण विरळा. कॉर्नेलिस कालकून हा १७२७ पासून १७४४ पर्यंत कॉन्स्टॅन्टिनोपल येथें डच प्रजासत्ताकाचा वकील होता. त्यानें झां बातीस्त व्हानमूर व त्याच्या हाताखालील चित्रकार यांचीं साठांहून अधिक चित्रें जमविलीं.

व्हानमूर हा १६७१ सालीं व्हालान्सिएन येथें जन्मला, १६९९ सालीं फ्रेंच वकील मार्की द फेर्योल याच्या परिवारांत कॉन्स्टॅन्टिनोपलास आला व १७३७ सालीं तेथेंच वारला. तरवार उतरून ठेवण्यास नकार दिल्यामुळें फेर्योल यास सुलतानाची भेट झालीच नाहीं. परंतु त्यानें व्हानमूरकडून तेथील लोकांच्या पोशाखांचीं शंभर चित्रें काढविलीं, व त्यांवरून खोदलेल्या ठशांचा ग्रंथ १७१४ सालीं पॅरिसांत निघाला.

कालकूनची सुलतान अहमद तिसरा याच्याशीं मुलाखत ता. १४ सप्टेंबर १७२७ रोजीं झाली. तिचीं तीन चित्रें आहेत: राजवाड्याच्या चौकांतून जाणें, वजिराबरोबर भोजन व प्रत्यक्ष मुलाखत. शेवटच्यांत वकील व त्याची मंडळी युरोपी पोशाखावर सुलतानानें दिलेली खिलत घालून उभी आहेत. परंतु फ्रेंच वकील दांद्रेझेल याच्या १७२४ सालच्या मुलाखतीचें चित्र शेजारीं ठेवावें म्हणजे मौज कळते. वकील बदलला, मांडणी बहुतेक तीच.

म्हणून हीं चित्रें कुचकामाचीं ठरविणारा एक पक्ष, आणि चित्रकार त्या शहरांत राहत होता एवढ्यावरून तीं जशींच्या तशीं प्रमाण मानणारा दुसरा. आम्हांस दोन्ही मान्य नाहींत. एकाच मायन्याचीं शंभर पत्रें सांपडलीं म्हणून तीं बनावट ठरत नाहींत. त्यांत मायना किती व मजकूर किती हें निवडावें लागतें. येथें तर मायनाहि बोलका आहे. फ्रेंच वकिलासाठीं बसविलेली मांडणी डच वकिलानें स्वीकारली, यावरून आपला मान फ्रेंचांच्या बरोबरीचा होता हें त्यास दाखवावयाचें असावें, असें आमचें अनुमान आहे. तुर्की दरबाराच्या या चित्रांत युरोपांतील राष्ट्रें परस्परांशींच बोलत आहेत. पुढें व्हेनिसच्या सैन्याचा जर्मन सेनापति शुलेनबुर्ग यानें त्याच पॅरिसच्या ठशांवरून ग्वार्दी बंधूंकडून तुर्की देखावे रंगवून घेतले. अशा नकलेवरून तुर्कांविषयीं नवें कांहीं सिद्ध होत नाहीं; व्हेनिसच्या आवडीविषयीं मात्र होतें.

याच संग्रहांत १७३० च्या बंडाचा पुढारी पात्रोना हलील याचें चित्र व त्याच्या वधाचा देखावा आहे. या प्रसंगांस ठराविक मायना नव्हता. म्हणून साधन या नात्यानें आम्ही त्यांस मुलाखतींच्या चित्रांहून वरचा दर्जा देतों.

पुणें दरबारांतील १७९० च्या तहाचें, जेम्स वेल्सनें आरंभिलेलें व थॉमस डॅनियलनें १८०५ सालीं पुरें केलेलें चित्र आमच्या वाचकांस परिचित आहे. तेंहि एका वकिलाच्या, चार्ल्स मॅलेटच्या, गौरवाचें चित्र आहे. त्यांतील आसनांचा क्रम प्रमाण मानण्यापूर्वीं त्यास हीच कसोटी लावावी.

ही तुलना शक्य झाली त्याचें श्रेय चित्रकारापेक्षां संग्राहकास अधिक आहे. १७६४ सालीं वारलेल्या कालकूननें हीं चित्रें विकूं नयेत असें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. एकटें चित्र विकलें गेलें असतें तर तें शोभेचें राहिलें असतें. एकत्र राहिल्यानें त्यांचें दफ्तर झालें. रुमाल सोडून चांगले तेवढे कागद वेगळे काढणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.