नाळेच्या गोष्टीपलीकडच्या विठाबाई

केममध्ये उभं राहून तमाशाबद्दल बोलायचं तर सुरुवात कुंकवापासूनच करावी लागेल. इथल्या कारखान्यांतलं कुंकू दूरदूरच्या बाजारांत जातं, देवाला वाहिलं जातं. फडातली बाईही बोर्डावर जाण्याआधी कपाळाला कुंकूच लावते. देवळातल्या कुंकवाला आपण हात जोडतो, तिच्या कपाळाकडे मात्र गावानं कायम वेगळ्या नजरेनं पाहिलं. हा फरक मनात ठेवून पुढचं ऐका.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मानं आपल्याच जिल्ह्यातल्या. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील आणि चुलते यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावानं गाजवला. पुढे विठाबाई स्वतःच्या नावानं फड घेऊन फिरल्या. जानेवारी २००२मध्ये त्या गेल्या.

एकेकाळी तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. विठाबाई त्यानंतरच्या. त्यांचं वेगळेपण असं, की बाई आता फडातली केवळ नाचणारी राहिली नाही. फडाला तिचं नाव लागलं, आणि त्या नावावर कनात भरू लागली.

पण विठाबाईंचं नाव काढलं की आपण सांगतो काय? एकच गोष्ट. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. लोकांनीच खेळ थांबवायला लावला, असंही सांगतात. व्याख्यान असो, सत्कार असो, ही गोष्ट येतेच. मग टाळ्या पडतात, डोळे पुसले जातात आणि वक्ता पुढे सरकतो.

आमचा आक्षेप इथे आहे. गोष्टीला आक्षेप नाही, ती सांगण्याच्या रीतीला आहे. आपण तिला 'कलेची निष्ठा' असं नाव देतो. निष्ठा होतीच, ती कोण नाकारेल? पण दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री बोर्डावर जावं का लागलं, हा साधा प्रश्न या शब्दाखाली दडपला जातो.

त्याचं उत्तर फडाच्या व्यवहारात आहे. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात. तारीख ठरते, सुपारी ठरते, इसार हातात पडतो. कलावंतांनी हंगामाआधीच उचल घेतलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची असते. ढोलकीवाला, सोंगाड्या, बिगारी, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांची चूल त्या एका सुपारीवर. जिच्या नावावर लोक आले तीच उभी राहिली नाही तर गाव पैसे देईल? म्हणजे ती रात्र जितकी निष्ठेची, तितकीच रजा नसलेल्या मजुरीची होती.

कायदा काय म्हणत होता तेही बघा. मातृत्व लाभ कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीनं त्यात कसरतीचे आणि इतर खेळ दाखवणाऱ्या आस्थापनाही आल्या. कागदावर बोर्डावरची बाई कामगार ठरली. पण हा कायदा मालक आणि नोकर अशी जोडी धरून चालत होता. जी बाई स्वतःच फडाची मालकीण आणि स्वतःच फडाचा मुख्य आकर्षणबिंदू, तिला रजा कोण देणार?

आता दुसरी गोष्ट, आमच्या मते जास्त महत्त्वाची. नाळेच्या गोष्टीनं विठाबाईंची कला झाकली गेली. आपल्याच जिल्ह्यात मोडनिंबला कला केंद्रं आहेत, तिथे संगीतबारी चालते. पेटी-तबल्यावर लावणी, समोर बैठक, अदाकारीला दाद. ती स्वतंत्र आणि अवघड कला आहे. ढोलकी फडाचं काम निराळं. तिथे गण होतो, गवळण होते, बतावणी होते, रंगबाजी होते आणि मग वग उभा राहतो. फडातल्या बाईला गवळणीत मावशीशी शब्दाला शब्द भिडवायचा, ढोलकीच्या तोड्यावर नाचायचं, पट्टी सांभाळून गायचं आणि वगात पात्र होऊन पहाटेपर्यंत प्रेक्षक धरून ठेवायचा. विठाबाई हे सगळं करणाऱ्या होत्या. त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणतात ते यासाठी. प्रश्न असा आहे, की आपल्यापैकी किती जणांना त्यांच्या एका तरी वगातली भूमिका सांगता येईल? नाळेची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे.

सन्मान झाले नाहीत असं नाही. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळाली. तरी अखेरचे दिवस ओढगस्तीचे गेले, दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. पुढे २००६पासून राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशातल्या कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलंच झालं. पण जिचं नाव त्या पुरस्काराला आहे, तिला म्हातारपणी हक्काचं काय होतं, हे विचारायलाच हवं. पदक भिंतीवर राहतं, त्यानं औषध येत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्यावर, म्हणजे प्रेक्षकांवर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. रात्री दहानंतर भोंग्याला बंदी, सवलतीचे दिवस मोजके. नियम वाईट नाही, पण पहाटेपर्यंत रंगणारा वग त्यात मावत नाही. मग कात्री कुठे लागते? जत्रा कमिटीची फर्माईश सिनेमाच्या गाण्यांची असते, म्हणून गाणी राहतात आणि वग जातो. विठाबाई ज्यात मोठ्या झाल्या तोच भाग आपण आधी कापतो, आणि त्यांच्या बाळंतपणाची गोष्ट मात्र जपून ठेवतो.

तेव्हा एवढंच म्हणणं आहे. यंदा जत्रेची सुपारी देताना कमिटीनं फडवाल्यांना विचारावं, 'वग कोणता करणार?' खेळ लवकर सुरू करा, पण वग होऊ द्या. आणि कलावंत बाईला तारीख बदलून हवी असेल तर कारण न विचारता बदलून द्या. विठाबाईंची आठवण ठेवायची तर अशी ठेवावी, असं आम्हाला वाटतं. थांबतो इथे. आता प्रश्न विचारा.