चांदा गॅझेटियर आणि वर्धेच्या उजव्या तीरावरील वाटा

कोरपन्याच्या रस्त्यांविषयीं कांहीं लिहावयाचें झालें म्हणजे अभ्यासक प्रथम १९०९ सालचें चांदा जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर काढून बसतो. एल्. एफ्. बेग्बी यांनीं संपादिलेलें आणि ए. ई. नेल्सन यांनीं तपासलेलें हें पुस्तक मध्यप्रांताच्या त्या मालेंतील चांगल्या पुस्तकांपैकीं एक आहे. त्याच्या आधारावांचून या भागाविषयीं चार ओळी लिहिणें कठीण, हें आम्हीही अनुभवानें जाणतों. परंतु प्रस्तुत विषयापुरतें तें हातीं घेणें म्हणजे शेजाऱ्याच्या दप्तरांत आपल्या शेताचा सारा शोधणें होय. ज्या सालीं तें छापलें त्या सालीं कोरपना चांदा जिल्ह्यांत नव्हतेंच. राजुरा तालुका निजामाच्या अंमलाखालीं, आदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्या जिल्ह्यास पूर्वीं सिरपूर-तांडूर म्हणत. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेंत हा तालुका मुंबई राज्यांत येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, व १९५९ सालीं तेथून निघून चांद्यास आला. तेव्हां गॅझेटियराच्या गांवांच्या यादींत कोरपन्यास जागा असण्याचें कारणच नव्हतें, आणि याचा दोष संपादकांकडे जात नाहीं. दोष आमचा आहे. आजच्या जिल्ह्याची सीमा आपण मागील काळावर पसरतों, आणि मग ‘इंग्रजांनीं या भागांत रस्ते केले’ किंवा ‘इंग्रजांनीं या भागाकडे दुर्लक्ष केलें’ यांपैकीं जें विधान आवडेल तें कोरपन्यासही लागू करून मोकळे होतों. दोन्ही विधानें तेथें सारखींच निराधार आहेत.

नकाशा समोर ठेवावा. उत्तरेस पैनगंगा, पलीकडे वणीचा मुलूख. तो वऱ्हाडाबरोबर १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या व्यवस्थेंत गेला. पूर्वेस वर्धा, पलीकडे चांदा; तें नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें तेव्हां, १८५४ सालीं, गेलें. या दोन नद्यांच्या कोनांत राजुऱ्याचा हा प्रदेश निजामाकडे राहिला. एकाच अंमलांतील नदीवर पूल बांधणें हें काम पैशाचें आणि इंजिनियराचें. पण जेथें एक तीर एका सरकारचा व दुसरा दुसऱ्याचा, तेथें तें प्रथम पत्रव्यवहाराचें होतें. अशा ठिकाणीं डोंगा व उतार हींच खरीं साधनें राहतात. त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाहीं, कारण डोंग्यावर कोनशिला बसवितां येत नाहीं.

येथें १८६० चा तह विसरूं नये. त्या तहानें निजामानें गोदावरी व वैनगंगा यांच्या डाव्या तीरावरील आपला मुलूख इंग्रजांस दिला, आणि गोदावरी व तिच्या उपनद्या जेथें सरहद्द होतात तेथें दोन्ही बाजूंस जकातीवांचून नौकानयन मोकळें झालें. म्हणजे त्या काळच्या इंग्रजी नजरेला ही नदी ओलांडावयाची अडचण नव्हती. ती स्वतःच एक रस्ता होती. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस पाण्यानें समुद्राकडे नेण्याची ती योजना. दुम्मागुडम्, एंचमपल्ली व देवलमरी येथील खडकाळ अडथळे दूर करण्याकरितां कर्नल हेग यांच्या देखरेखीखालीं कामें चाललीं. चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांचा त्यांस मोठा पाठिंबा होता. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली आणि या योजनेचा कणाच मोडला. १८७१ सालीं कामें सोडून देण्यांत आलीं. ग्रँट यांचें मध्यप्रांताचें गॅझेटियर १८७० चें, म्हणजे तें या आशेच्या शेवटच्या वर्षांत निघालें. नद्यांविषयीं त्यांतील मजकूर वाचतांना ही तारीख डोळ्यांसमोर ठेवावी. १९०९ चे लेखक त्या आशेच्या राखेवर बसून लिहितात, आणि त्यांची नजर नदीवरून स्टेशनाकडे वळलेली आहे. वरोऱ्याच्या कोळशासाठीं वर्धेहून लोहमार्ग १८७७ सालीं आला होता. तेव्हांपासून रस्त्याची किंमत तो कोणत्या स्टेशनास मिळतो यावर ठरूं लागली. उजव्या तीरावरून जाणारा काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा होण्यास १९२९ साल उजाडावें लागलें.

गॅझेटियराच्या रचनेंतच एक दोष आहे, आणि तो केवळ चांद्याच्या भागाचा नसून साऱ्या मालेचा आहे. रस्ते व्यापार-दळणवळणाच्या प्रकरणांत येतात, दुष्काळ निराळ्या प्रकरणांत. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांतांत गिट्टी फोडणें, मुरूम वाहणें, तळ्यांचे बांध घालणें हींच मदतकामें होतीं. मोजून दिलेलें काम आणि त्या मापानें मजुरी अशी पद्धत होती. एका प्रकरणांत हे लोक मदत घेणारे म्हणून मोजले जातात, दुसऱ्यांत रस्ता मैलांनीं मोजला जातो. तो रस्ता याच हातांनीं झाला हें वाचकानें आपणच जुळवावें अशी अपेक्षा दिसते. मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालावर हें पुस्तक पुष्कळ अंशीं उभें आहे. त्या अहवालांतील गोंड राजांच्या कालगणनेची चिकित्सा बरीच झाली. रस्त्यांच्या बाबतींत मात्र कोणी ब्र काढलेला नाहीं.

दुसरा आक्षेप मैलांवरच आहे. या मुलखांत काळी जमीन फार. पहिल्या पावसानंतर तींत बंडीचें चाक आंसापर्यंत रुततें, आणि नाल्यावर मोरी किंवा निदान रपटा नसला तर दहा मैलांचा उत्तम मुरमाचा रस्ता एका नाल्यापायीं चार महिने निरुपयोगी होतो. म्हणून येथील रस्ता मैलांनीं न मोजतां महिन्यांनीं मोजला पाहिजे. इंग्रजी कोष्टकांत ‘कोरड्या दिवसांचा रस्ता’ असा एक वर्ग आहे खरा. पण त्याची बेरीज बारमाही रस्त्यांशेजारीं मांडली कीं वाचकाच्या मनांत दोन्ही एकच होऊन बसतात. शेतांमधून जाणारी पांदण तर कोष्टकांत येतच नाहीं. गांवचा माल मात्र तिच्यावरूनच निघे.

आतां उजव्या तीराची बाजू. येथें आधार घ्यावयाचा तो क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) या अहवालसंग्रहाचा व आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथाचा. कुमराम भीमाचा १९४० चा उठाव मोडल्यानंतर निजाम सरकारनें या भागाची स्थिति तपासण्यास नेमलेले ते विद्वान. त्यांचें म्हणणें गॅझेटियराच्या अगदीं उलट आहे. रस्ता व आगगाडी आली तसे बाहेरचे शेतकरी व सावकार आंत आले, जमिनीस किंमत चढली, आणि ज्या गोंडाकडे पट्टा नव्हता तो आपल्याच शेतावरून उठला, असें ते दाखवितात. एकास जी सुधारणा दिसते ती दुसऱ्यास वाताहतीचें दार दिसतें. आम्हांस हायमेनडॉर्फ यांचें मत अधिक वजनदार वाटतें, कारण ते पायीं हिंडून लिहितात. तथापि तेही सरकारच्या नोकरींतूनच लिहीत होते, आणि त्यांची दृष्टि गोंडांच्या वस्तीवर खिळलेली आहे. नदीकांठचा कुणबी आपला कापूस कोणत्या घाटानें पलीकडे नेई, हें त्यांच्याकडून कळण्याची आशा धरूं नये.

तें कळावयाचें तर कागदांतून. आमच्या संग्राहक मित्रांची गोडी सनदा, वंशावळी व निवाडे यांत. घाटाच्या मक्त्याची कबुलायत किंवा बंड्या वेठीस धरल्याची अर्जी हातीं आली तर ती बहुधा गठ्ठ्याच्या तळाशीं जाते. राजुऱ्याच्या बाबतींत हे तळाचे कागदच पहिल्या दर्जाचे होत. एका तालुक्यानें तीन वर्षांत तीन जिल्हे पाहिले, म्हणून त्यांचा शोध आदिलाबाद, नांदेड व चंद्रपूर या तिन्ही ठिकाणीं घ्यावा लागतो, आणि चौथें हैदराबाद. १८८४ च्या सुमारास निजामाच्या दरबारची भाषा फारशीची उर्दू झाली. तेव्हां मोडी वाचणारानें उर्दूचा जाणकार सोबत घ्यावा.

दोन सूचना करून थांबतों. या कागदांवरील फसली साल हैदराबादचें, आक्टोबरांत सुरू होणारें आहे. त्यांत ५९० मिळवावे म्हणजे तें ज्या इसवी सालाच्या आक्टोबरांत सुरू झालें तें साल निघतें. देशावरच्या मृगसालाच्या हिशेबानें गेल्यास जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा प्रत्येक कागद एका वर्षानें चुकेल, आणि नद्यांना पूर असतो ते महिने नेमके हेच. छपनच्या दुष्काळाचे कागद १३०९ फसलींत पाहावे. दुसरें, इंग्रजी लेखनांत वणीजवळचें राजूर व वर्धेच्या उजव्या तीराचें राजुरा यांत एका अक्षराचा फरक, तोही लेखनिकाच्या मर्जीवर. पैकीं पहिलें वऱ्हाडांत, दुसरें निजामाकडे. रस्त्याचा उल्लेख सांपडला म्हणजे कागदावरील शेजारच्या गांवांचीं नांवें नकाशावर लावून पाहिल्याखेरीज तो कोरपन्याच्या खातीं मांडूं नये.