सच्छिद्र भराव आणि उष्णतासंक्रमण : एका मूल्यमापनाची चिकित्सा

उष्णताविनिमयकाच्या नळीत धातूचा सच्छिद्र फेस, तारांची जाळी अथवा गोळ्यांचा थर भरल्यास उष्णतेचे संक्रमण वाढते, हे आता विवाद्य राहिलेले नाही. सच्छिद्र माध्यमातील प्रवाहाचा मूलभूत नियम दार्सीने १८५६ मध्ये दीझों नगराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात मांडला. अधिक वेगासाठी वेगाच्या वर्गाचे पद फॉर्खहायमरने १९०१ मध्ये त्यास जोडले. या पायावर पुढे विपुल संशोधन झाले. त्याचे परिशीलन करता एक उणीव वारंवार जाणवते : वाढ किती झाली हे ठळकपणे सांगितले जाते, ती कशाच्या तुलनेने मोजली, हे मात्र बहुधा अनुक्त राहते.

पहिला घोटाळा व्याख्येचा आहे. नसेल्ट अंकाच्या छेदस्थानी उष्णतावाहकता असते. ती केवळ वायूची घ्यावयाची, की भरावासह संपूर्ण माध्यमाची? भिंतीवर सर्वत्र सारखी उष्णता पुरविलेल्या वर्तुळाकार रिकाम्या नळीत पूर्ण विकसित स्तरीय प्रवाहासाठी हा अंक ४.३६ असतो. भरावामुळे वेग सर्वत्र समान झाला असे मानल्यास, माध्यमाच्या वाहकतेवर आधारलेला अंक ८ होतो. म्हणजे दुप्पटही नव्हे. परंतु हवेची वाहकता ०.०२६ आणि ॲल्युमिनियमच्या फेसाची परिणामी वाहकता उदाहरणादाखल ५ (वॉट प्रतिमीटर प्रतिअंश) धरली, तर हवेच्या वाहकतेवर आधारलेला अंक दीड हजारांवर जातो. नळी एकच, प्रवाहही एकच. तथापि एका हिशेबाने वाढ दुपटीहून कमी, तर दुसऱ्या हिशेबाने सुमारे साडेतीनशेपट. शिवाय धातू व हवा यांचे तपमान प्रत्येक बिंदूशी समान असते, हे गृहीत दोन्ही हिशेबांत दडलेले आहे. वाहकतेत एवढी तफावत असता ते तपासल्यावाचून स्वीकारणे युक्त नव्हे.

दुसरा दोष अधिक गंभीर होय. २० मिलिमीटर व्यासाच्या रिकाम्या नळीची पार्यता त्रिज्येच्या वर्गाचा अष्टमांश, म्हणजे १२.५ चौरस मिलिमीटर, भरते. तीत ०.१ चौरस मिलिमीटर पार्यतेचा फेस भरल्यास तेवढ्याच प्रवाहास १२५ पट दाब लागतो. फॉर्खहायमरचे पद यात धरलेलेच नाही. उलट पंपाची शक्ती कायम ठेवली, तर प्रवाह मूळच्या सुमारे अकराव्या हिश्शावर येतो. भिंतीकडून संक्रमण कितीही सुकर झाले, तरी प्रवाह स्वतः वाहून नेऊ शकेल त्याहून अधिक उष्णता त्यास देता येत नाही. केवळ समान वेगाशी केलेली तुलना ही मर्यादा झाकते आणि विजेचा खर्च कारखान्याच्या माथी मारते.

वस्तुतः समान शक्ती, समान आकारमान इत्यादी बंधने पाळून तुलना करण्याचे निकष वेब यांनी १९८१ मध्येच सुसूत्रपणे मांडले होते. त्यांचा अवलंब केल्यास सच्छिद्र भराव सर्वत्र त्याज्य ठरतो असे मुळीच नाही. रॉबर्ट स्टर्लिंगने १८१६ मध्ये उष्णता साठवून परत देण्याची जी युक्ती योजिली, तीत सूक्ष्म तारांचा भराव आजही अन्वर्थक ठरतो. जेथे जागा अत्यल्प असून मुख्य अडथळा वायूच्या बाजूस आहे, तेथेही त्याचा विचार अवश्य व्हावा. भिंतीलगतचा पातळ थर कित्येकदा संपूर्ण भरावाहून हितावह ठरू शकतो. मात्र वाहकतेची व्याख्या, दाबातील घट आणि भिंत व भराव यांमधील सांध्याचा प्रकार या तीन गोष्टी दिल्याखेरीज वाढीचा कोणताही आकडा निष्कर्ष म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.