सविकल्प सहवास : न. चिं. केळकरकृत टिळकचरित्राची मीमांसा

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात निधन झाले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९२३ मध्ये, नरसिंह चिंतामण केळकर यांनी लिहिलेल्या टिळकचरित्राचा पूर्वार्ध प्रसिद्ध झाला. उर्वरित दोन खंड १९२८ मध्ये आले. मराठीतील राजकीय चरित्रलेखनात या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. मात्र ते स्थान बहुधा साधनग्रंथ म्हणूनच मान्य केले जाते. टिळकांविषयी पुढे लिहिणाऱ्या बहुतेकांनी केळकरांकडून तपशील घेतले. चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अंगाने त्या तीन खंडांचे वाचन त्या मानाने फारच थोडे झाले आहे.

अशा वाचनाची किल्ली स्वतः केळकरांच्याच वाङ्मयविचारात सापडते. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'चा सिद्धान्त मांडला. रसिक वाचक परक्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पुरती टाकत नाही आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंदाचे मूळ असते, असे त्याचे सार आहे. काव्यनाटकांच्या संदर्भात हा सिद्धान्त पुष्कळ चर्चिला गेला. परंतु तो मांडला गेला त्याच सुमारास केळकर आपल्या दिवंगत नेत्याचे चरित्र लिहीत होते, या योगायोगाकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. चरित्रकाराची अवस्था याहून वेगळी ती काय असते? चरित्रनायकाशी तो समरस झाला नाही तर लेखन कोरडे होते, आणि पुरता विरघळून गेला तर त्याचे स्तोत्र होते.

केळकर साताऱ्याची वकिली सोडून टिळकांकडे आले ते १८९६ साली. म्हणजे १८८० ची न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना, पुढील वर्षी निघालेले 'केसरी' व 'मराठा', १८८२ मधील डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवस, डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील कलह आणि १८९० मधील राजीनामा यांपैकी कशाचेही ते साक्षीदार नव्हते. आगरकर तर १८९५ मध्येच निवर्तले होते. याचा पूर्वार्धाला फायदाच झाला. जे पाहिले नाही त्यासाठी केळकरांना कागदपत्रांकडे वळावे लागले, आणि वकिलाची शिस्त कामी आली. टिळक-आगरकर वाद हा दोन मित्रांमधील वैमनस्याची कहाणी म्हणून रंगवण्याचा मोह मोठा होता. केळकर तो वाद वेतन, आजीव सभासदांची बाहेरची मिळकत, संस्थेचे ध्येय अशा रुक्ष मुद्द्यांवर आणून ठेवतात. ही रुक्षता दोष वाटू शकते. वस्तुतः तोच पूर्वार्धाचा सर्वांत मोठा गुण आहे. संमतिवयाच्या विधेयकावरील १८९१ च्या वादासंबंधी मात्र हा समतोल तितकासा टिकत नाही. विरोधामागचे राजकीय तर्कशास्त्र केळकर तपशिलाने उलगडतात. ज्या बालविवाहित मुलींसाठी कायदा होत होता, त्या त्या तर्कशास्त्रात दुय्यमच राहतात.

१८९६ नंतर चित्र पालटते. आता चरित्रकार स्वतःच घटनांत आहे. १८९७ चा राजद्रोहाचा खटला, ताईमहाराज प्रकरण, सुरत, १९०८ ची सहा वर्षांची शिक्षा आणि होमरूल हा सारा काळ जवळून पाहिलेल्या माणसाकडून वाचकाची अपेक्षा असते ती माणूस दिसण्याची. प्रत्यक्षात घटनांचा आणि मजकुराचा पूर येतो. ताईमहाराज प्रकरण १९०४ मध्ये उच्च न्यायालयात टिळक निर्दोष ठरल्यावरही दिवाणी बाजूने १९१५ पर्यंत, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापर्यंत, चालले; त्याची गुंतागुंत केळकर सोडवतात, परंतु स्वर्गवासी मित्राला दिलेल्या शब्दापायी एवढी वर्षे झुंजणाऱ्या माणसाच्या मनाचा ठाव त्यातून लागत नाही. हे काम पुढे गंगाधर गाडगीळांनी 'दुर्दम्य' या कादंबरीत कल्पनेच्या बळावर केले. कादंबरीकाराला ती मुभा असते, हे खरे. पण सहवासाचे भांडवल केळकरांपाशी होते, गाडगीळांपाशी नव्हते.

मग केळकरांनी हे भांडवल का वापरले नाही? केवळ संकोची स्वभाव हे उत्तर अपुरे आहे. १९२३ ते १९२८ हा काळ पाहिला पाहिजे. टिळकांच्या वारशावर त्या वर्षांत दोन्ही बाजूंनी दावे सांगितले जात होते. गांधीजींनी १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटीचे आवाहन केले होते. टिळकांचे निकटचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर असहकारितेच्या बाजूला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी 'नवाकाळ' काढला. केळकर कायदेमंडळाच्या मार्गाने गेले, आणि ज्या 'प्रतियोगी सहकारा'च्या नावाने त्यांनी व जयकर-मुंजे यांनी स्वराज्य पक्षापासून फारकत घेतली, तो शब्दप्रयोग १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळच्या टिळकांच्या भूमिकेतून आलेला होता. तेव्हा तिसऱ्या खंडातील अमृतसरचे वर्णन हा निव्वळ इतिहास राहू शकत नव्हता. त्या वर्णनात चरित्रकाराचे स्वतःचे राजकारण साक्षीला उभे आहे.

दुसरा दावा नाकारणाऱ्यांचा होता. १९२४ मध्ये पुण्याच्या मंडईत टिळकांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा केळकर नगरपालिकेत अध्यक्ष म्हणून अधिकारावर होते. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी मांडलेला जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव त्याच नगरपालिकेत फेटाळला गेला. त्याच १९२५ साली दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' प्रसिद्ध झाले आणि टिळक-चिपळूणकरांवरील त्यातील प्रखर हल्ल्याचा खटला झाला, अपिलात डॉ. आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडली व ते सुटले. जवळकरांची भाषा आजही अनेकांना असह्य वाटते. परंतु वेदोक्त प्रकरणातील टिळकांची भूमिका किंवा १९१७ च्या अथणीच्या भाषणातील बहुजनांच्या प्रतिनिधित्वाविषयीचा त्यांचा सूर यांबाबत ब्राह्मणेतरांच्या मनात जे साचले होते, ते त्या पुस्तिकेत मोकळे झाले. १९२८ च्या खंडांना या आरोपांची दखल घेण्यास पुरेसा अवधी मिळाला होता. तेथे केळकरांचा विकल्प नेमका क्षीण होतो. आगरकरांच्या बाजूने क्षणभर उभे राहून टिळकांकडे पाहणे त्यांना जमले, कारण तो वाद एकाच वाड्यातला होता. शाहू छत्रपतींच्या वा जवळकरांच्या जागी उभे राहून पाहणे त्यांना जमत नाही.

अशा वेळी कागदपत्रांचा आश्रय सुरक्षित ठरतो. प्रतिपक्ष उद्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवणार, ही जाणीव उत्तरार्धाच्या पानोपानी आहे. ग्रंथ त्यामुळे भक्कम झाला आणि जड झाला. सदानंद मोरे यांच्या 'लोकमान्य ते महात्मा' या ग्रंथात हाच कालखंड विस्ताराने पुन्हा तपासला गेला, तेव्हा केळकरांची बाजू ही त्या वादातील एक बाजू म्हणून वाचणे शक्य झाले; १९२८ च्या वाचकाला ती सोय नव्हती.

मंडालेचा भाग मात्र या सर्वाला अपवाद आहे. तेथे केळकर नव्हते, पुण्यातील पक्षही नव्हते. १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्याची बातमी टिळकांना तुरुंगात कळली, आणि त्यांनी आपल्या भाच्याला पत्र लिहिले. भाष्याची गरज नसलेले असे साधन हाती असताना केळकरांची लेखणी आपोआप मागे सरते, आणि तीन खंडांतील टिळक तेथे सर्वांत जवळ येतात.