विस्तारक्षम फाइल-व्यवस्था आणि नावांची समानता

फाइल-व्यवस्थेची विस्तारक्षमता बहुधा एकाच मापाने जोखली जाते : मूळ कर्नलला धक्का न लावता किती प्रकारच्या व्यवस्था त्याला जोडता येतात? स्टीव्ह क्लायमन यांनी १९८६ साली मांडलेली सन मायक्रोसिस्टिम्सची व्ही-नोड रचना या मापाला पुरेपूर उतरते. लिनक्सचा व्हीएफएस थर त्याच कुळातला. उघडणे, वाचणे, नाव शोधणे अशा क्रियांचा ठराविक संच जी व्यवस्था पुरवील ती कर्नलला चालते. मात्र नावाविषयीची युनिक्सची जुनी वृत्ती या रचनेने तशीच पुढे चालविली. नाव म्हणजे बाइटांची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट तेवढे वर्ज्य.

मराठीला ही अलिप्तता महाग पडते. यूटीएफ-८ मध्ये 'वर्धा' हे नाव १५ बाइटांत एकाच रीतीने लिहिले जाते. वर्धा नदी ओलांडून पश्चिमेस गेले की लागणारे 'वऱ्हाड' मात्र तीन रीतींनी लिहिता येते : स्वतंत्र 'ऱ' घेऊन १८ बाइटांत, 'र' व नुक्ता सुटे ठेवून २१ बाइटांत, किंवा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक घेऊन पुन्हा २१ बाइटांत. वाचणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. ॲपलची एचएफएस प्लस पहिली रीत दुसरीत बदलून साठवीत असे. एक्स्ट-४ च्या साध्या निर्देशिकेत तीन वऱ्हाडे सुखाने नांदतात.

लिनक्स ५.२ बरोबर २०१९ साली एक्स्ट-४ मध्ये अक्षरभेद न मानणाऱ्या निर्देशिकांची सोय आली. विस्तार म्हणून तिची आखणी वाखाणण्याजोगी आहे. असंगततेचे चिन्ह असल्याने ती न जाणणारा जुना कर्नल अशी चकती जोडून घेण्यास नकार देतो. युनिकोडची आवृत्तीही चकतीवरच नोंदली जाते. दोष आहे तो नियमात. तो नाव विघटित करतो, 'उपेक्षणीय' चिन्हे गाळतो आणि मग लहानमोठ्या रोमन अक्षरांतील भेद पुसतो. अदृश्य जोडक उपेक्षणीयांत मोडतो. परिणामी जोडकाने लिहिलेले 'दऱ्या' हे 'दर्या' ठरते, आणि स्वतंत्र 'ऱ'ने लिहिलेल्या 'दऱ्या'हून मात्र भिन्नच राहते. समुद्रावरील टिपणाच्या जागी डोंगरदऱ्यांवरील टिपण लिहिले गेले, तर पहिले हरवते. आणि यंत्राच्या दृष्टीने सारे यथासांग झालेले असते.

प्रत्येक भाषेला तिचा नियम द्यावा, हा उपाय सुचतो खरा. पण तो टिकत नाही. नावाचा हॅश चकतीवरील सूचीत गुंफलेला असतो. वापरणाऱ्याच्या भाषेनुसार तो बदलू लागला तर सूचीच मोडेल. म्हणून नियम एकच आणि चकतीशी बांधलेला असावा, हे एक्स्ट-४ च्या कर्त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते. न पटणारी गोष्ट निराळी आहे : सममूल्य लेखनरूपे एक मानणे, चिन्हे गाळणे आणि अक्षरभेद पुसणे या तीन स्वतंत्र निर्णयांची येथे एकच मोळी बांधली गेली. व्हीएफएसने नावांची तुलना व हॅश ही दोन्ही कामे आधीच प्रत्येक व्यवस्थेच्या हाती दिली होती. तेव्हा अडचण थराची नव्हती.

झेडएफएसने सममूल्यता आणि अक्षरभेद हे दोन वेगळे गुणधर्म ठेवले; दोन्ही व्यवस्था निर्माण करतानाच ठरतात. तिच्यात सममूल्यतेचा गुणधर्म लावल्यास वऱ्हाडाची पहिली दोन रूपे एक होतात, जोडकाचे तिसरे वेगळे उरते. हीही उणीवच, परंतु तीत एक नाव दोनदा आढळते, कोणाची फाइल पुसली जात नाही.